न विचारता घेतलेले नंबर



ऑक्टोबर २०२१ची देगलूरची पोटनिवडणूक आठवत असेल. आमदार रावसाहेब अंतापूरकर कोरोनानं गेले होते. त्यांचे चिरंजीव जितेश काँग्रेसकडून जिंकले. सभांवर बंधनं होती, त्यामुळे प्रचार मोबाईलवर आला. मी बाहेरगावी बसून एका पक्षाला बूथवार व्हॉट्सअ‍ॅप गट करून दिले. तेव्हा एका गटात २५६च माणसं मावत, आणि एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे जाई. म्हणून गावोगाव ओळखीची माणसं लागायची. ती मी आपल्या वर्गाच्या गटातून उचलली, कुणालाही न विचारता.

दुसऱ्याच दिवशी माझ्या बाकावरच्या मैत्रिणीचा फोन आला. "अगं, एक फोन केला असतास तर आले असते. यादीत कशाला टाकलंस?" ती वर्गाच्या गटातूनही बाहेर पडली.

२०२४ला जितेश भाजपकडून लढले, जिंकले. माझ्या ओळखीचे काही कार्यकर्तेही इकडचे तिकडे झाले. तुमचे नंबर आता कुणाकुणाच्या फोनमध्ये आहेत, मला सांगता येणार नाही. त्याबद्दल माफी मागते.

आज नवा गट करायचाय. कागद फिरतोय, ज्याला वाटेल त्यानंच नंबर लिहावा. ती तिसऱ्या रांगेत बसलीय. तिच्याकडे कागद घेऊन मीच जाते.