घरातला कोळी आणि आपलं सस्पेन्स खातं

(कोजागिरीच्या रात्री सोसायटीच्या गच्चीवर केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं करून लिहून दिलं आहे.)



रौप्यमहोत्सवी वर्षात ज्येष्ठांपैकी प्रत्येकानं काहीतरी बोलावं असं ठरलं, तेव्हा सचिवांनी मला ‘बचतीचं महत्त्व’ हा विषय सुचवला. ३४ वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला दुसरं काय सुचवणार! पण गेल्या महिन्यात आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बचतीबद्दल एकही मेसेज नव्हता. कोळ्यांबद्दल मात्र २७ होते. मी मोजले. मोजायची सवय अजून गेलेली नाही.

‘बी विंगच्या जिन्यात तळहाताएवढा कोळी, मुलांना एकटं सोडू नका.’ ‘अवो मायवं, आमच्या बाथरूममध्येही तोच!’ ‘हा विषारी आहे का?’ असे ते मेसेज. शेवटी सूचना आली की दिवाळीच्या आत सगळ्या इमारतीत, घराघरांत औषध फवारून घ्यावं. रविवारच्या सभेत हा विषय येणार आहे. त्याआधी दहा-पंधरा मिनिटं कोळ्याची बाजू मांडावी म्हणून मी उभा आहे. वकील नाही मी. फक्त खातं तपासणारा माणूस आहे.

आधी एक प्रश्न. हे कोळी दरवर्षी याच दिवसांत घरात काहून येतात? माझा मुलगा इंग्लंडात असतो. तिकडे सप्टेंबर लागला की हीच ओरड असते. थंडी पडायला लागली म्हणून कोळी उबेला घरात शिरतात, असं तिथले लोक समजतात. खरं म्हणजे त्यातले बहुतेक कोळी वर्षभर घरातच, कपाटामागे नाहीतर फरशीच्या फटीत राहत असतात. शरदात नर कोळी मोठे होतात आणि मादी शोधायला बाहेर पडतात. भिंतीवरून, गालिच्यावरून धावताना ते माणसाला दिसतात. बाथटबमध्ये घसरले तर गुळगुळीत कडेवरून त्यांना वर चढता येत नाही आणि सकाळी घरात आरडाओरडा होतो.

आपल्याकडे आश्विनात थंडी कुठली? उलट ऑक्टोबरचं ऊन असतं. पण पावसाळाभर किडे उदंड झालेले असतात. ते खाऊन कोळी पोसलेले असतात. आपल्या सावंगीच्या चारही बाजूंना शेतं आहेत. दसऱ्याच्या मागेपुढे सोयाबीन निघतं, शेतं मोकळी होतात आणि तिथले किडे आपल्या गेटवरच्या पांढऱ्याशुभ्र दिव्यावर येऊन आदळतात. जिथे किडे तिथे कोळी. शिवाय आपण वर्षभर वर न पाहणारी माणसं. दिवाळीच्या सफाईसाठी माळा काढतो, कपाट सरकवतो आणि मग म्हणतो, ‘कोळी आला!’ तो आलेला नसतो, आपण त्याच्या घरी गेलेलो असतो.

आता खात्याकडे येतो. बँकेत एक सस्पेन्स खातं असतं. ज्या रकमेचा धनी तत्काळ सापडत नाही ती तात्पुरती तिथे टाकतात. ही सोय आहे, पण धोकाही आहे. तपासणीला येणारा साहेब आधी तेच खातं उघडायचा. कारण आळशी शाखेत वाटेल ती नोंद सस्पेन्सला टाकून मोकळं होतात आणि खरी गडबड तिच्याखाली लपून राहते. आपल्या घरांमध्ये कोळी हे असं सस्पेन्स खातं झालं आहे. अंगावर काहीही उठलं, कारण सापडलं नाही, की टाकलं कोळ्याच्या नावे.

पहिली नोंद पाहू. सकाळी उठावं तर मानेवर किंवा दंडावर लाल पट्टा, त्यावर बारीक फोड आणि भाजल्यासारखी आग. घरातली मोठी माणसं म्हणतात, ‘कोळी मुतला.’ मीही लहानपणापासून हेच ऐकत आलो. पण ही करणी कोळ्याची नसते. पावसाळ्यात आणि पावसाळा संपताना ओल्या शेतांतून एक बारीक भुंगेरा येतो. मुंगीसारखा लांबट, सेंटिमीटरभर किंवा त्याहूनही लहान, नारिंगी आणि काळ्या पट्ट्यांचा. शास्त्रात त्याला पिडेरस म्हणतात. तो चावत नाही, डंखही मारत नाही. रात्री दिव्यावर येतो, अंगावर बसतो आणि आपण झोपेत त्याला चिरडतो. त्याच्या अंगातल्या रसात पिडेरिन नावाचं जहाल द्रव्य असतं, त्यानं कातडी भाजते. फोड लगेच येत नाहीत, दुसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर येतात. तोवर भुंगेरा कुठला सापडायला! वर पाहिलं तर कोपऱ्यात कोळी बसलेला असतो. झाली नोंद त्याच्या नावे.

उपाय सोपा आहे. असा किडा अंगावर दिसला तर फुंकर मारून उडवा, चिरडू नका. चिरडला गेलाच तर ती जागा लगेच साबण-पाण्यानं धुवा, हात डोळ्याला लावू नका. झोपायच्या खोलीत खिडकी उघडी आणि दिवा चालू असं ठेवू नका.

दुसरी नोंद गंभीर आहे. इथे चुकीची नोंद जिवावर बेतू शकते. दोन वर्षांपूर्वी आपल्याच सोसायटीतल्या एका वहिनींना कमरेजवळ काळा डाग दिसला. सिगारेटचा चटका दिल्यासारखा, न दुखणारा, न खाजणारा. घरात सगळ्यांचं एकमत झालं की कोळी चावला. हळद लावली, चुना लावला. दोन दिवसांनी ताप चढला तर तो व्हायरल ठरला. डागाचं खातं वेगळं आणि तापाचं वेगळं, दोन्हींची बेरीज कुणी केलीच नाही. सहाव्या दिवशी त्यांना उठून बसता येईना, तेव्हा दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पदर बाजूला करून डाग पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘शेतात किंवा गवतात गेला होता का?’ वहिनी बागेतलं गवत काढायला बसल्या होत्या. तो स्क्रब टायफस निघाला. आठ दिवस रुग्णालयात काढून त्या सुखरूप घरी आल्या. आज त्या इथे समोर बसलेल्या आहेत आणि ‘भाऊजी, सांगा सगळ्यांना’ असं त्यांनीच मला सांगितलं.

हा आजार २०१८ साली ऑगस्ट-सप्टेंबरात नागपूर आणि आसपासच्या भागात पसरला होता, तुम्हाला आठवत असेल. गवतात, झुडपांत डोळ्याला जेमतेम दिसेल एवढे माइटचे पिल्लू असतात. ते चावतात आणि त्यातून जंतू शरीरात जातात. माइट हा कोळ्याचा दूरचा नातेवाईक, पण गुन्हा त्याचा आणि फाशी याला! वेळेवर कळलं तर डॉक्सीसायक्लिनसारख्या जुन्या, स्वस्त औषधानं माणूस बरा होतो. उशीर झाला तर फुप्फुसं, मूत्रपिंडं, मेंदू असं काहीही सापडतं. डाग दर वेळी असतोच असं नाही, आणि असला तरी काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली, जिथे आपण पाहत नाही तिथे असतो. म्हणून पावसाळ्यात आणि त्यानंतर दोन-तीन दिवस ताप उतरला नाही, तर अंगभर पाहा आणि डॉक्टरांना दाखवा. आपल्याला इथे सावंगीत विनोबा भावे रुग्णालय आहे, पलीकडे सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे. असा शेजार असताना चुना लावून घरी बसणं शोभत नाही.

तिसरा नातेवाईक विंचू. त्याचं मात्र खातं खरं आहे. विंचवाच्या दंशानं माणसं दगावत असत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात प्राझोसीन हे रक्तदाबाचं औषध त्यावर वापरून दाखवलं आणि असंख्य जीव वाचले. म्हणून बूट झटकून घाला, विटा-लाकडं उचलताना हात सांभाळा. भीती ठेवायची तर जिथे धोका आहे तिथे ठेवा.

मग कोळी चावतच नाही का? चावू शकतो. बहुतेक सगळ्या कोळ्यांना विष असतं, त्यावरच ते जगतात. पण ते विष माशी-झुरळाच्या मापाचं. आपल्या घरातल्या कोळ्यांना माणसाला चावण्यात काही मिळकत नाही. हाताखाली दाबला गेला तर एखादा चावेल, थोडं दुखेल, सुजेल. धुवायचं, थंड पाण्याची पट्टी ठेवायची. सूज वाढली, घाम सुटला, श्वास लागला तर डॉक्टरकडे जायचं. हा नियम मधमाशीलाही लागू आहे.

आता जमेची बाजू. आपल्याकडे मुख्यतः तीन भाडेकरू आहेत. पहिला, छताच्या कोपऱ्यातला काडीसारख्या लांब पायांचा. धक्का लागला की जाळ्यासकट थरथरतो. आपल्याला वाटतं अंगावर येतोय, खरं तर तो घाबरलेला असतो. डास, माश्या आणि इतर कोळीही खातो. दुसरा, भिंतीवर टुणटुण उड्या मारणारा बुटका. हा जाळं विणत नाही, समोरचे दोन मोठे डोळे रोखून शिकार हेरतो आणि आपण बोट नेलं तर वळून आपल्याकडेही बघतो. याच कुळातली एक नवी जात ठाणे-कल्याण भागात सापडली. अभ्यासकांनी २०२१ मध्ये तिचं नाव ठेवलं ‘इशियस तुकारामी’. २६/११ ला कसाबची बंदूक हातांनी धरून ठेवणारे हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्या सन्मानार्थ. पोरांनो, पुढच्या वेळी चप्पल उचलण्याआधी हे आठवा.

तिसरा, ज्यानं ग्रुपवर खळबळ माजवली तो. चपटा, तपकिरी, पाय पसरले तर तळहातभर. हाही जाळं करत नाही. रात्री फिरून झुरळं धरतो. बी विंगच्या जिन्यात दिसली ती मादी होती. पोटाखाली तिनं पांढरी चकती धरली होती, ती तिच्या अंड्यांची पिशवी. चकती घेऊन ती पळत होती, कुणाच्या अंगावर जात नव्हती.

जुन्या मराठीत कोळ्याला ‘कातीण’ असाही शब्द आहे, म्हणजे कातणारी. ज्या जिल्ह्यात सूत कातण्याला एवढा मान, तिथे या कातणारणीला आपण झाडूनं हाणतो! जगात कोळ्यांच्या ५० हजारांहून जास्त जाती नोंदल्या गेल्या आहेत, २०२२ मध्ये हा आकडा ओलांडला. त्यातल्या माणसाला खरोखर धोकादायक जाती अगदी मोजक्या आहेत.

पण मंडळी, एवढं सांगून भीती जात नाही, हे मला ठाऊक आहे. माझी नात नऊ वर्षांची, इंग्लंडात वाढलेली. यंदा दिवाळीला येणार म्हणून फोनवर विचारलं, ‘आबा, तुमच्या घरी कोळी आहेत का?’ तिच्या आईनं मागून खूण केली, नाही म्हणा. मी म्हटलं, ‘आहेत. दोन.’ ती रडली. त्या दिवशी सूनबाई माझ्यावर नाराज झाल्या. पण खोटं बोललो असतो तर पहिल्याच रात्री पोरीचा घरावरचा आणि माझ्यावरचा विश्वास गेला असता.

भीतीला हसू नये, आणि ‘हात लाव’ म्हणून ढकलूही नये. मानसोपचारातली रीत पायरीपायरीची आहे. आम्ही तशीच धरली. आधी तिनं कोळ्याचं चित्र काढलं. मग मी फोटो दाखवला, मग फोनवरून छताचा कोपरा, लांबून. ती ‘बस’ म्हणाली की थांबायचं. आता ती दर रविवारी विचारते, ‘ते दोघं काय करताहेत?’ अजून भिते. पण विमानात बसणार आहे. कुणाची भीती झोप उडवण्याइतकी असेल तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, त्यात लाज नाही.

तर रविवारच्या सभेसाठी माझ्या सूचना. घराघरांत सरसकट फवारणी नको. आपल्याकडे तान्ही बाळं आहेत, दम्याचे दोन ज्येष्ठ आहेत. फवाऱ्यानं झुरळं मरतात, पण त्यांची अंडी टणक डबीत वाचतात. मग पुन्हा झुरळं होतात आणि त्यांना खाणारा कोळी तेवढा गेलेला असतो. त्याऐवजी गेट आणि जिन्यातले पांढरे दिवे बदलून पिवळे लावावे, त्यावर किडे कमी येतात. मोरीच्या भोकांना जाळी बसवावी. बागेतलं गवत कापून घ्यावं, आणि कापणाऱ्या माणसाला पूर्ण बाह्यांचा सदरा व बूट सोसायटीनं द्यावे. तो आपल्यासाठी गवतात बसतो.

जाळी-जळमटं जरूर काढा, दिवाळी आहे. बांबूला झाडू बांधा आणि कोपरे स्वच्छ करा. मोठा कोळी दिसला तर त्याच्यावर काचेचा ग्लास पालथा घाला, खालून लग्नाची जुनी पत्रिका सरकवा आणि कंपाउंडच्या भिंतीपलीकडे सोडा. पत्रिका प्रत्येकाच्या घरी ढिगानं आहेत, त्यांचा काहीतरी उपयोग होईल.

आणि यापुढे अंगावर काही उठलं तर लगेच कोळ्याच्या नावे टाकू नका. दिवा चालू होता का, गवतात गेलो होतो का, ताप आहे का, एवढे तीन प्रश्न विचारा. सस्पेन्सची नोंद शोधून योग्य खात्यात वळती केली की शाखेचा हिशेब जुळतो. घराचाही जुळेल.

दूध आटलेलं दिसतंय. चंद्रही वर आला आहे.