उसाच्या चिपाडातून वनौषधींची शुद्धी

दारुहळदीच्या मुळांचा काढा पिवळाधमक दिसतो तो बर्बेरीन या अल्कलॉइडमुळे. परंतु त्यात शर्करा आणि टॅनिनही मिसळलेले असल्याने बर्बेरीन वेगळे करण्यासाठी अधिशोषक, म्हणजे विशिष्ट रेणूंना पृष्ठभागावर धरून ठेवणारा पदार्थ, वापरता येतो. साखर कारखान्यात रस काढल्यावर उरणाऱ्या चिपाडाची भुकटी सायट्रिक आम्लासह तापवली असता तिच्यातील सेल्युलोजवर कार्बॉक्सिल गट जडतात, ते पाण्यात ऋणभारित होऊन धनभारित बर्बेरीनला ओढून घेतात आणि भाररहित शर्करा पाण्याबरोबर निघून जाते. पुढे आम्लयुक्त अल्कोहोलने धुतल्यावर भुकटीतून बर्बेरीन सुटते. अशा शुद्धीसाठी वापरल्या जाणाऱ्या, खनिज तेलापासून बनणाऱ्या कृत्रिम रेझिनला ही भुकटी पर्याय ठरू शकते. मात्र पुनःपुन्हा वापरूनही भुकटीची धारणक्षमता टिकते का, हे आधी तपासावे लागते.