नोंद घालण्यापूर्वीची अट

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



जून महिन्यात आपण मुलाचा हात धरून शाळेच्या कचेरीत येता. कारकून जाडजूड जनरल रजिस्टर उघडतो आणि मुलाचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ व पूर्वीची शाळा लिहितो. पुढे शाळा सोडल्याचा दाखला याच नोंदीवरून मिळतो. तेथे पडलेली चूक मुलाच्या मागे नोकरीपर्यंत जाते. आणि एकदा झालेली नोंद शिक्षण खात्याच्या परवानगीवाचून बदलता येत नाही. म्हणून अनुभवी कारकून लेखणी टेकवण्यापूर्वी आधीची पाने चाळतो. हे मूल आधीच नोंदलेले नाही ना, एवढे पाहतो आणि मगच लिहितो.

आज हे काम संगणकावर आले आहे. आपल्या राज्यात २०१५ साली ‘सरल’ प्रणाली सुरू झाली; केंद्राच्या ‘यू-डायस प्लस’मध्येही आता प्रत्येक विद्यार्थ्याची स्वतंत्र नोंद होते. तेव्हा संगणक ही पाने कशी चाळतो, हे आपण समजून घेतले पाहिजे.

संगणकातील अशा रजिस्टराला डेटाबेस म्हणतात. माहिती तक्त्यांत ठेवावी, हा विचार एडगर कॉड यांनी १९७० साली मांडला. त्या तक्त्यांशी बोलण्याची भाषा चेंबरलिन आणि बॉइस यांनी १९७४ साली पुढे आणली. तीच आज एस्‌क्यूएल या नावाने चालते. तिच्यात ‘इन्सर्ट’ म्हणजे ‘ही ओळ घाल’ असा हुकूम आहे. नुसता हुकूम दिला तर संगणक आंधळेपणाने ओळ घालतो. दोनदा दिला तर एकाच मुलाच्या दोन ओळी होतात. म्हणून हुकुमाला अट जोडतात : ‘ही ओळ घाल, परंतु या क्रमांकाची ओळ आधीपासून नसेल तरच.’ कारकुनाचे पाने चाळणे ते हेच.

पण येथे एक खाच आहे. समजा, दोन कारकून दोन यंत्रांवर बसले आहेत. एकाच मुलाचा अर्ज चुकून दोघांकडे गेला. दोघांनी एकाच क्षणी तक्ता पाहिला, दोघांनाही नोंद दिसली नाही आणि दोघांनीही ती घातली. अट दोघांनी पाळली, तरी नोंद दुहेरी झालीच! यावर उपाय असा की, अट केवळ हुकुमात न ठेवता तक्त्यालाच घालावी : या रकान्यात एक क्रमांक एकदाच येईल. मग दुसरी ओळ तक्ताच परत फिरवतो, मग हुकूम कोणीही देवो.

आता आपल्या घरचा प्रश्न पाहू. ही अट कशावर घालावी? नावावर घालावी असे वाटते. पण नाव फसवे असते. ‘शेख’ हा साधा शब्द इंग्रजी लिपीत तीन-चार तऱ्हांनी लिहितात. ‘मोहम्मद’ कोठे पूर्ण, कोठे तोडून लिहिलेले असते. माणसाला ते एकच नाव दिसते. संगणकाला एक अक्षर बदलले की दुसरा माणूस दिसतो. आपल्या गावाचेच घ्या ना! १८०२ साली दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी केलेल्या तहाला आपण वसईचा तह म्हणतो. इंग्रजी ग्रंथांत तो बॅसीनचा तह आहे. गाव एक, नावे दोन. उलट, एकाच वर्गात अगदी एकाच नावाची दोन मुले असतात. नावावर अट घातली तर पहिल्या प्रसंगी एकाच मुलाच्या दोन नोंदी होतील, आणि दुसऱ्या प्रसंगी खऱ्याखुऱ्या दुसऱ्या मुलाला ‘तू आधीच नोंदलेला आहेस’ म्हणून परत पाठवले जाईल. म्हणून अट नावावर नसावी, क्रमांकावर असावी.

दुसरी खाच याहून गंभीर आहे. रकाना रिकामा असेल तर काय? रिकामी जन्मतारीख म्हणजे शून्य नव्हे. ती ‘माहीत नाही’ आहे. समजा हुकूम दिला, ‘ज्यांची जन्मतारीख अमुक दिवसापूर्वीची आहे, तेवढेच अर्ज रजिस्टरात घाल.’ ज्याची तारीखच नाही, त्याच्याबाबत अट खरीही नाही, खोटीही नाही. अशी ओळ संगणक मुकाट्याने गाळतो. चुकीचा संदेशही येत नाही. ते मूल यादीत नसते, एवढेच. मात्र तीच अट तपासणीचा नियम म्हणून तक्त्याला घातली, तर रिकामी तारीख अडत नाही, आत जाते. अट तीच, जागा निराळी, आणि निकाल अगदी उलटा!

विद्यार्थी मित्रांनो, हे नीट ध्यानात धरा, कारण कायदा मुलाच्या बाजूने आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १४ सांगते की, वयाचा पुरावा नाही म्हणून मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही. आधार क्रमांक शाळाप्रवेशासाठी सक्तीचा करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी सांगितले. कायदा जे मूल आत घेतो, ते एका निष्काळजी अटीने बाहेर राहू नये. याचा अर्थ अटच नको असा नाही. अट नसेल तर रजिस्टराची रद्दी होईल. अट असावी, पण तिने परत फिरवलेली प्रत्येक ओळ वेगळ्या यादीत पडावी, आणि ती यादी रोज कोणा माणसाने वाचावी. काही प्रणालींत ‘आधीच असेल तर काही करू नकोस’ अशी सोय आहे. ती उपयुक्त खरी. पण यादी न ठेवता वापरली, तर कोण राहिले हे कोणालाच कळत नाही.

पालकांना माझी विनंती एवढीच. मुलाच्या नावाचे स्पेलिंग एकदा ठरवा आणि सर्व कागदांवर तेच ठेवा. जन्मदाखला वेळेवर काढा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी जन्मतारखेचा पुरावा तोच आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला. त्यापूर्वीच्या दाखल्यावर ‘जिल्हा ठाणे’ असेल तर घाबरू नका, त्या दिवसापुरते ते बरोबरच आहे. आणि ‘कॉम्प्युटर घेत नाही’ असे उत्तर मिळाले तर माघारी फिरू नका. कोणत्या अटीने घेत नाही, असे नम्रपणे विचारा.

मुलांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या हे हुकूम लिहायला बसेल. तेव्हा स्वतःला तीन प्रश्न विचारा : मी कशाशी ताडून पाहतो आहे? रकाना रिकामा असला तर काय होईल? आणि अटीत न बसणारा कोठे जाईल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर हाती आल्यावाचून हुकूम देऊ नका. त्या ओळीच्या पलीकडे एक मूल आईचा हात धरून कचेरीच्या दारात उभे असते.