संशोधनाचे बेणे

सरकारी पैशातून झालेले संशोधन लोकांपर्यंत किती पोचते, हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरते : 1957 चा कॉपीराइट कायदा, निधी देताना सरकार घालते त्या अटी आणि नियतकालिकांच्या वर्गणीचे करार. या तिन्हींत एक फरक नेहमी नजरेतून सुटतो. संशोधन वाचायला मिळणे वेगळे आणि ते पुढे वापरायला मिळणे वेगळे.

वसमतच्या हळद उत्पादकाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. तो सगळी हळद शिजवत नाही. बेण्यासाठी जेठे गड्डे राखून ठेवतो. शिजवून, वाळवून, पॉलिश केलेल्या हळकुंडाला मोंढ्यात भाव मिळतो, पण ते मातीत लावले तर उगवत नाही. छापून आलेला शोधनिबंध म्हणजे पॉलिश केलेले हळकुंड. त्यामागची मोजमापे, भरलेले तक्ते, मुलाखतींची ध्वनिमुद्रणे, म्हणजेच डेटा, हे बेणे. पुढचे संशोधन उगवते ते बेण्यातून.

आधी वर्गणी. केंद्रीय मंत्रिमंडळाने 25 नोव्हेंबर 2024 रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये आणि 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिके, असा तिचा आवाका आहे. सोय मोठी आहे, पण ती सरकारी व्यवस्थापनाखालील संस्थांपुरती; गावातला जिज्ञासू शेतकरी किंवा निवृत्त शिक्षक तिच्या बाहेरच राहतो. शिवाय ही हळकुंडांची खरेदी आहे. बेणे तिच्यात येत नाही.

आता कायदा. कॉपीराइट मांडणीला असतो, निव्वळ तथ्याला नसतो. मात्र संगणकीय डेटाबेसची गणना कायदा साहित्यकृतीत करतो. कलम 52 नुसार खासगी अभ्यासासाठी आणि संशोधनासाठी वाजवी वापराला मुभा आहे. सरकारी प्रकाशनावरचा हक्क 60 वर्षे टिकतो. नर्सीच्या नामदेवांचे अभंग सर्वांचे आहेत; पण राज्य शासनाने 1970 मध्ये काढलेल्या गाथेवरचा हक्क या हिशेबाने 2030 अखेर संपेल. कलम 21 प्रमाणे हक्क त्याआधीही सोडता येतो. असा निर्णय झाला, तर ती आवृत्ती अभ्यासकाला संगणकावर मुक्तपणे शोधता आणि तपासता येईल. शासनाने तो घ्यायला हवा.

निधीच्या अटी सर्वांत परिणामकारक. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान विभागांनी डिसेंबर 2014 मध्ये, आपल्या निधीतून निघालेले शोधनिबंध खुल्या भांडारात ठेवण्याचे धोरण आखले. पीएच.डी.चे प्रबंध ‘शोधगंगा’ या खुल्या भांडारात येतात. पण प्रबंध आला म्हणजे डेटा आला असे नव्हे. त्यामागच्या प्रश्नावल्या कपाटात पडून राहिल्या, तर पुढच्या विद्यार्थ्याला तीच गावे पुन्हा पायाखाली घालावी लागतात. शासकीय खात्यांच्या डेटासाठी 2012 चे राष्ट्रीय धोरण आहे; विद्यापीठांनीही तशी शिस्त लावून घेतली पाहिजे. इथे टाळाटाळ नको.

डेटा खुला केल्याने काय साधते, हे ‘लायगो’ या वेधशाळेने दाखवून दिले आहे. गुरुत्वीय लहरींची 14 सप्टेंबर 2015 ची पहिली नोंद 11 फेब्रुवारी 2016 रोजी जाहीर झाली, आणि त्या क्षणाचा डेटाही खुला झाला. जगभरच्या विद्यार्थ्यांना तो स्वतः तपासता आला. त्याच जातीची वेधशाळा औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याला उभी राहणार आहे; एप्रिल 2023 मध्ये तिच्यासाठी 2,600 कोटी रुपये मंजूर झाले. तिचा डेटा हिंगोलीतल्या महाविद्यालयीन मुलांना हाताळता यावा, त्यासाठी प्राध्यापकांची तयारी आतापासून व्हायला हवी.

रुग्णांची माहिती, मुलाखत देणाऱ्यांची ओळख यांना अपवाद ठेवावाच लागेल. तो कसा ठेवायचा, हा स्वतंत्र भाषणाचा विषय आहे. मूळ मागणी मात्र साधी आहे. सरकारी निधी घेणाऱ्याने निबंधासोबत डेटाही ठरलेल्या मुदतीत जमा करावा, आणि ही अट निधीच्या मंजुरीपत्रातच लिहिलेली असावी.