दोन गुंठे आणि एक ओढा

(लोणावळ्यात तरुणांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला पर्यावरणावर बोलायला सांगितलंय. मी त्यातला तज्ज्ञ नाही, हिंजवडीत सॉफ्टवेअर लिहितो. पण आमच्या घरात सध्या एका ओढ्यावरून वाद चालू आहे. तोच तुमच्यापुढे मांडतो, विषय त्यात आपोआप येईल.

अब्बा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. निवृत्तीचे पैसे मिळाले तेव्हा त्यांनी नाणे मावळात दोन गुंठ्यांचा एनए प्लॉट घेतला. जन्मभर भाड्याच्या खोलीत राहिलेल्या माणसाला स्वतःच्या अंगणाचं अप्रूप किती असतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. प्लॉटच्या मागच्या कडेने ओढा जातो. एप्रिल-मेमध्ये तो ओढा वाटतच नाही, दगडगोटे आणि वाळलेला पाला. विकणारा म्हणाला, पाइप टाकून वर मुरूम भरून देतो, तुमची जागा वाढेल. अब्बा खूश. मीही खूश होतो, खोटं कशाला बोलू?

मग जूनच्या सुरुवातीला एका संध्याकाळी आम्ही तिथे थांबलो. एक वळीव पडून गेला होता, वीज गेलेली. ओढ्याकाठच्या जांभळाखाली आधी दोन-चार काजवे दिसले, नंतर मोजणं सोडून दिलं. अम्मी म्हणाली, हे मी लहानपणानंतर पहिल्यांदा बघतेय. शेजारच्या खाचराचे मालक बांधावर उभे होते. ते म्हणाले, "हे काहीच नाही. पूर्वी खालच्या वळणापर्यंत ओढा पेटलेला असायचा. तिकडे बंगले झाले, रात्रभर दिवे असतात, तिकडचे गेले."

मी घरी येऊन वाचत बसलो. आपल्याला दिसतो तो उडणारा काजवा दोन-तीन आठवड्यांचा पाहुणा असतो. त्याचं बाकीचं सगळं आयुष्य अळीच्या रूपात, ओल्या मातीत आणि कुजलेल्या पाल्याखाली जातं. अळी गोगलगायी खाते. म्हणजे ओल हवी, पाला हवा, गोगलगायी हव्यात. आपण ज्याला कचरा समजून पेटवतो, तेच त्याचं घर. पुढे नर उडत उडत ठरावीक लयीत चमकतो आणि मादी खालून, गवतातून उत्तर देते. त्या बोलण्यात आपला हॅलोजन घुसला की उत्तर दिसत नाही, आणि पुढची पिढी होत नाही. 2020 साली जगभरच्या काजवा-अभ्यासकांचं मत घेतलं गेलं, तेव्हा अधिवास नष्ट होणं हा सर्वात मोठा धोका ठरला, त्यापाठोपाठ कृत्रिम प्रकाश आणि कीटकनाशकं. आमच्या प्लॉटवर या तिन्हींची तयारी होती: मुरूम, कुंपणावरचे दिवे आणि लॉनवर मारायचं औषध.

आणि नुसता काजव्यांचा प्रश्न नाही. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. ते पाणी याच ओढ्यांतून इंद्रायणीकडे आणि पवनेकडे जातं. पहिल्या पावसात चढणीचे मासे याच वाटेने वर खाचरांत येतात, अंडी घालतात. खेकडे, बेडूक, खंड्या, धामण, सगळं या भाताच्या खाचरांवर आणि ओढ्यांवर जगतं. आपण आवडीने खातो तो इंद्रायणी तांदूळ वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने 1987 मध्ये दिला. आता त्याच तालुक्यात भाताची खाचरं प्लॉट होऊन विकली जातायत. त्यातलं एक आमचं.

तुम्ही म्हणाल, सरकार काय करतंय? ते बघताना मला एक गंमत सापडली. गंमत म्हणजे, हसू येणारी नव्हे. 31 जुलै 2024 ला केंद्र सरकारने पश्चिम घाटाच्या पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राची मसुदा अधिसूचना काढली, सहावी. पहिला मसुदा 2014 चा. सहा राज्यांतलं 56,825.7 चौरस किलोमीटर क्षेत्र, त्यात महाराष्ट्राचं 17,340. आदल्याच दिवशी वायनाडला दरडी कोसळल्या होत्या. या मसुद्यात खाणी बंद, दगडखाणी बंद, आणि 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकाम प्रकल्पांना मनाई. चांगलंच आहे. पण आमचे दोन गुंठे म्हणजे जेमतेम दोनशे चौरस मीटर! त्या चाळणीतून आम्ही आरामात गळतो. आमच्या शेजारचा गळतो, त्याच्या शेजारचाही. आमच्या कामात असं होतं बघा: प्रत्येकाने केलेला बदल तपासणीत पास होतो आणि सगळे एकत्र आले की सिस्टिम झोपते. मग दोष कुणाचा, यावर दोन दिवस मीटिंग.

एवढं बारीक बघू शकेल अशी एकच यंत्रणा मला दिसली, ती गावातच आहे. जैविक विविधता कायदा 2002 चा. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपरिषदेत जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी, आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. ही कल्पना रुजवण्यात माधव गाडगीळ यांचा मोठा वाटा. कुठला ओढा, कुठली देवराई, कोणते मासे, कोणत्या औषधी वनस्पती, हे गावकऱ्यांनी स्वतः लिहायचं. बरीच वर्षं हे काम रखडलं. शेवटी राष्ट्रीय हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ची मुदत घालून दिली आणि त्यानंतर राज्यांना महिन्याला दहा लाखांचा भुर्दंड लावला. दंडाच्या धाकाने लिहिलेल्या वहीत काजवे असतील का, हे जाऊन बघायला हवं. नसतील तर लिहून घ्यायला हवं, कारण जे वहीत नाही ते ग्रामसभेत सांगताना आपल्याकडे दाखवायला काही नसतं.

आपण इथले नाही, आपला काय अधिकार, असं काही जण म्हणतील. बरोबर आहे. म्हणून बोलायचं ते खाचरवाल्या काकांनी, आणि आपण त्यांच्यासोबत बसायचं. फोटो, तारीख, ठिकाण नोंदवणं ही आपल्यासारख्यांची सवय आहे, ती तिथे कामाला येईल. उद्या सकाळी ज्यांना माझ्यासोबत पंचायतीत यायचंय, त्यांनी नऊला गेटपाशी यावं. आणि आज रात्री काजवे बघायला जाणार असाल तर गाडीचे दिवे बंद ठेवा, झाडाखाली शिरू नका. मादी जमिनीवर, तुमच्या बुटाखाली असू शकते.

घरातल्या वादाचं सांगायचं राहिलं. पाइप टाकायचं काम मी थांबवलंय. कुंपणाच्या दिव्यांवरून अम्मी माझ्या बाजूने आहे, फक्त दारापुरता एक दिवा, तोही खाली तोंड केलेला. अब्बा अजून तयार नाहीत. "माझ्याच पैशाच्या जागेत मी किड्यांना विचारून राहू का?" असं म्हणतात. तरी परवा त्यांनीच फोन करून विचारलं, पाऊस पडला का रे तिकडे, ओढ्याला पाणी आलं का?