कामगारांची एक दिवसाची सहल



आमची शाळा चौथीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते गावच्या वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत. तेव्हा या व्यासपीठावर विद्वानांच्या मालिकेत आमचे नाव कसे आले हे चालकच जाणोत. त्यांनी विषय मात्र आम्हांला झेपेल असा दिला आहे. साखर कारखान्यातल्या आणि धरणकाठच्या गावांतल्या कष्टकऱ्यांना घेऊन आमची युनियन काही वर्षांपासून उन्हाळ्यात एक दिवसाची सहल काढते. एस.टी.ची गाडी प्रासंगिक करारावर घ्यावयाची, बरोबर माहिती सांगणारा एक माणूस घ्यावयाचा, आणि पहाटे निघून रात्री परत यावयाचे. किल्ले पाहावयाचे, जुनी गावे पाहावयाची. त्याविषयी चार शब्द सांगतो.

“कामगारांना सहली कशाला? पगाराचे बोला,” असे आम्हांला पुष्कळांनी सुनावले आहे. त्यांना आम्ही एक हिशेब दाखवितो. पुण्यास रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. सोलापुरात पहिली कापडगिरणी उभी राहिली १८७७ साली. आणि नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने मुंबईच्या गिरणीकामगारांस रविवारची सुटी मिळाली ती १० जून १८९० रोजी. म्हणजे आठवड्याची सुटी ही व्याख्यानमालेहून पंधरा वर्षांनी धाकटी आहे! १८७५ साली व्याख्यान ऐकावयास कोण येऊ शकत होते आणि कोण येऊ शकत नव्हते, हे वेगळे सांगावयास नको. पगारी रजा तर फार पुढची. वीस दिवस कामाला एक दिवस रजा हे प्रमाण आपल्याकडे १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्याने घालून दिले. सुटी ही मागून, भांडून मिळविलेली वस्तू आहे. मिळविलेल्या वस्तूचे काय करावयाचे, हाही मग युनियनचाच प्रश्न झाला.

विलायतेतही सहलीची गोष्ट अशाच ठिकाणाहून सुरू होते. टॉमस कुक हा सुतारकाम केलेला, दारूबंदीचा प्रचार करणारा गृहस्थ. ५ जुलै १८४१ रोजी त्याने लेस्टरहून लफबरोपर्यंत आगगाडी ठरविली आणि सुमारे पाचशे लोकांना एका शिलिंगात दारूबंदीच्या सभेस नेऊन आणले. पुढे त्याच्या नावाची केवढी कंपनी झाली ते जग जाणते. पण आरंभ साध्या माणसांच्या एका दिवसापासून आहे.

आपल्याकडची माणसे प्रवास करीत नाहीत असे नाही. वारीला जातात, लग्नाला जातात, आणि ऊसतोडीला जातात. पहिल्या वर्षीच्या गाडीत करमाळा तालुक्यातील एक बाई होत्या. त्यांनी चार जिल्हे पाहिले होते, पण त्या चार जिल्ह्यांतला फक्त ऊस पाहिला होता. टोळीबरोबर जाताना वाटेत देऊळ दिसे, किल्ल्याचा बुरूज दिसे. ट्रॅक्टर थांबत नसे. “आज गाडी माझ्यासाठी थांबली,” असे त्या उतरताना म्हणाल्या. आमच्या मते सहलीची व्याख्या याहून निराळी करण्याचे कारण नाही.

आता आमची वाट सांगतो. गाडी पहाटे टेंभुर्णीहून निघते. टेंभुर्णीस पेशव्यांच्या दरबारातील सदाशिव माणकेश्वरांची गढी आहे. घराजवळचे असल्यामुळे ते कोणी पाहात नाही, आम्हीही तेथे थांबत नाही. भीमानगरजवळ भीमा ओलांडून इंदापूरवरून थेट पळसदेव. सकाळच्या उन्हात पळसदेव पाहावयाचे, परतताना इंदापुरास मालोजीराजांची गढी, मग टेंभुर्णी, कुर्डुवाडी, आणि दुपारी परांडा. सायंकाळी करमाळा, आणि जेऊरवरून घरी. दोनशे किलोमीटरच्या वर होतात.

येथे आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. सहलीचा बेत सारे प्रवासी आपल्या पायांवरून करतात. आम्ही तो ड्रायव्हरच्या डोळ्यांवरून करतो. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाचे काम आठ तास, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विसावा, आणि कामाचा एकूण फैलाव बारा तास, अशी मर्यादा घातली. कायद्यांची नावे बदलतात, माणसाची झोप बदलत नाही. पेडगावचा बहादूरगड आमच्या यादीत होता. १६८९ च्या फेब्रुवारीत संभाजीराजांना कैद करून औरंगजेबापुढे आणले ते तेथेच, भीमेच्या काठी. तो पाहावा अशी साऱ्यांचीच इच्छा. पण पेडगाव धरले की गाडी मध्यरात्री घरी येते. तेव्हा पेडगाव त्या फेरीतून काढले आणि त्याची सहल निराळी केली. “एवढ्या लांब आलो आहोत तर तेही उरकून घेऊ” हे वाक्य ज्या सहलीत निघते त्या गाडीत आम्ही बसत नाही.

स्वयंपाकाचेही तसेच. पहिल्या वर्षी पुरुषमंडळी पहाटे पाचला अंघोळ करून गाडीत येऊन बसली, आणि बायका दोनला उठून दशम्या, चटणी, पिठले करून आल्या. दिवसभर त्या गाडीत पेंगत होत्या. सुटी कोणाची झाली? दुसऱ्या वर्षापासून दुपारचे जेवण परांड्यातील एका महिला बचत गटाकडून घेतो. त्यांना चार पैसे मिळतात, आमच्या बायका किल्ला जागेपणी पाहतात. डोक्यामागे खर्च थोडा वाढला, त्यावर मीटिंगमध्ये दीड तास चर्चा झाली. चर्चा करणारे सारे पुरुष होते.

पळसदेवावर आम्ही अधिक वेळ ठेवतो. उजनी धरणाचे काम १९६६ साली सुरू झाले आणि १९८० साली पुरे झाले. धरणात पाणी मावते सुमारे ११७ टीएमसी. त्यांतले निम्म्याहून अधिक मृतसाठा आहे, म्हणजे कालव्याने न निघणारे. म्हणून उजनीचा हिशेब उन्हाळ्यात शून्याच्याही खाली, उणे आकड्यांत चालतो. शहरातल्या पाहुण्यांना हे उणे पाणी कळत नाही; आपल्याकडच्या पोरासोरांना ते तोंडपाठ असते. या पाण्याखाली किती गावठाणे, किती मळे, किती विहिरी गेल्या! त्यांत जुने पळसदेव गेले. पाणी उतरले की पळसनाथाच्या देवळाचे शिखर वर येते, आणि २०२४ च्या उन्हाळ्यासारखा दुष्काळ असला तर सारे देऊळ कोरड्या मातीत उभे राहते. लोक गाड्या करकरून येतात, छायाचित्रे काढतात. बाजूच्या पाण्यात रोहित पक्षी असतात, त्यांचीही काढतात.

माहिती सांगणारे गृहस्थ पहिल्या वर्षी देवळाची बांधणी, शिखराची घडण, वीरगळ यांविषयी उत्तम बोलले. अभ्यासू माणूस, त्यांना आम्ही नावे ठेवीत नाही. ते बोलत असता आमच्यातला एक निवृत्त कामगार देवळाकडे पाठ करून चिखलात काही पावले मोजीत होता. विचारले तेव्हा म्हणाला, “येथे आमची ओसरी. हा उंबरा. तेथे चुलत्याचा गोठा.” देवळाभोवती जमलेली माणसे हळूहळू त्याच्याभोवती आली. माहिती सांगणारे गृहस्थही आले, आणि त्यांनी खिशातून वही काढली. देऊळ किती शतकांचे हे पुस्तकात सापडेल. गोठा कोठे होता हे सांगणारी माणसे आता सत्तरीच्या पुढे आहेत, आणि ती दरसाल कमी होत आहेत. किल्ला पडला तर सरकार पाटी लावते. गाव बुडाले त्याला पाटी नाही.

कुणी म्हणतात, कुगावजवळ पाण्यात इनामदारांचा जुना वाडा आहे, तेथे नावेने चला. वाडा पाहण्यासारखा आहे खरा. पण २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे निघालेली नाव वादळात उलटली आणि सहा माणसे बुडाली, हे आपण कोणी विसरलेलो नाही. ती माणसे सहलीला निघाली नव्हती, रोजच्या वाटेने चालली होती. धरण झाले आणि समोरासमोरची गावे पाण्याने तोडली गेली, तेव्हापासूनची ती वाट आहे. प्रत्येकाच्या अंगात तरंगते जाकीट आणि हवामानाचा अंदाज हाती असल्यावाचून युनियनची माणसे नावेत पाय ठेवणार नाहीत, असा आमचा ठराव आहे.

कुर्डुवाडीस फक्त चहा. तरी बार्शी लाइटची नॅरोगेज १८९७ साली येथून धावू लागली, तिच्या वर्कशॉपने किती कुटुंबे पोसली, हे आम्ही तेथे सांगतो. किल्ल्यांच्या यादीत नसले तरी कामगारांच्या यादीत कुर्डुवाडी वरच्या क्रमांकावर आहे.

आता परांडा. हा भुईकोट पाहून आमची माणसे थक्क होतात. खंदक, दुहेरी तट, बुरुजांवर अजून पडून असलेल्या तोफा. विजापूरची प्रसिद्ध मुलूखमैदान तोफ पूर्वी या किल्ल्यावर होती. १६३२ साली मुरार जगदेवाने ती येथून विजापुरास नेली. वजन पंचावन्न टन! दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसे लागली असे सांगतात. हत्तींचा आकडा आहे, बैलांचा आहे, माणसांचा मात्र “शेकडो”. आमच्या एका पोराने तेथल्या तेथे विचारले, “शेकडो म्हणजे हजेरीपटावर किती?” सारे हसले, पण प्रश्न बरोबर होता.

याच बुरुजावर एका वर्षी कठीण प्रसंग आला. त्या साली माहिती सांगावयास दुसरे एक गृहस्थ आणले होते. बोलता बोलता त्यांचा आवाज चढला, आणि “आपले” व “त्यांचे” अशी इतिहासाची वाटणी सुरू झाली. गाडीत आमचे मुसलमान सभासद होते, बायकामुलांसह. बॉयलरवर पाळीला जो शेजारी उभा असतो तोच माणूस बुरुजावर एकाएकी “त्यांचा” झाला. मंडळी दोन टोळक्यांत उभी राहू लागली हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. संपाच्या दिवसांतही जे मालकांना साधले नव्हते ते अर्ध्या तासात होऊ घातले होते.

आम्ही गृहस्थांना थांबविले आणि त्यांनाच एक प्रश्न केला. सकाळी इंदापुरास आपण ज्यांची गढी पाहिली ते मालोजीराजे कोणाचे सरदार? निजामशाहीचे. १६०० साली मोगलांनी नगर घेतल्यावर निजामशाही ज्या किल्ल्यातून पुन्हा उभी राहिली तो कोणता? हाच परांडा. ती उभी करणारा मलिक अंबर कोण? आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी. आणि १६२४ साली भातवडीच्या लढाईत त्या मलिक अंबराच्या बाजूने मोगल व आदिलशाही फौजांशी कोण लढले? मालोजीराजांचे पुत्र शहाजीराजे. आता या लढाईत “आपले” कोण आणि “त्यांचे” कोण, हे त्यांनी वाटून दाखवावे! गृहस्थ वाईट नव्हते. ते जरा वेळ गप्प राहिले आणि मग भातवडीचीच गोष्ट त्यांनी फार रंगवून सांगितली. मंडळी पुन्हा एका घोळक्यात बसली.

संभाजीराजांवर झालेला जुलूम आम्ही झाकून ठेवा म्हणत नाही; पेडगावला गेलो तेव्हा तो पुरता सांगितला आणि ऐकताना डोळे ओले झाले. सांगावयाचे ते सारे सांगा, अर्धे सांगू नका, एवढेच आमचे मागणे. तेव्हापासून माहिती सांगणाऱ्याशी आम्ही आठ दिवस आधी एक बैठक करतो. मोबदला ठरवावयाचा असतोच. त्याच बैठकीत काय सांगणार हेही ऐकून घेतो. आणि मोबदला रोख, त्याच दिवशी देतो. इतिहास सांगणे हेही श्रमाचेच काम आहे.

करमाळ्यास पोहोचतो तेव्हा ऊन उतरलेले असते. कमलाभवानीचे देऊळ आणि किल्ला हे रावरंभा निंबाळकरांचे काम, अठराव्या शतकातले. किल्ल्याचा आरंभ १७२७ चा. रावरंभा हैदराबादच्या निजामाचे सरदार, आणि देवी तुळजापूरची, हेही त्या दिवशीच्या प्रश्नाला जोडून घ्यावे. देवळाला खांब शहाण्णव, विहिरीला पायऱ्या शहाण्णव. मुले त्या मोजतात, कधी पंचाण्णव भरतात, कधी सत्त्याण्णव, आणि वाद घालीत पुन्हा खाली उतरतात. मोठी माणसे काठावर बसून राहतात. आमच्या अनुभवाने दिवसातला सर्वांत सुखाचा अर्धा तास हाच. त्या वेळी कोणी काही सांगू नये.

यंदाची सहल गाळप संपल्यावर, पाऊस लागण्यापूर्वी निघेल, कारण तेव्हाच पळसदेव उघडे असते. हंगामी कामगारांना त्या दिवसांत फक्त रिटेन्शन भत्ता मिळतो, म्हणून त्यांच्याकडून निम्मी वर्गणी घ्यावयाची ठरली आहे. ऊसतोड कुटुंबांसाठी दहा जागा राखल्या आहेत. शिवाय बुडालेल्या गावांतील वडील माणसांसाठी पुढच्या पाच जागा बिनवर्गणीच्या आहेत. पळसदेवच्या काठावर प्रथम त्यांनी बोलावयाचे आणि माहिती सांगणाऱ्याने लिहून घ्यावयाचे. या सभागृहात कोणाच्या घरी अशी आजी, आजोबा असतील तर त्यांची नावे जाताना दारातल्या आमच्या कार्यकर्त्याकडे द्यावीत. गाडीची पायरी उंच असते. लाकडी पाट बरोबर ठेवला आहे.