लोखंड जोडणारी बाई



गेल्या महिन्यात तालुक्याला वेल्डिंगचं प्रशिक्षण निघालं. आमच्या गटातून एकीनंही नाव दिलं नाही. "ते गड्यांचं काम," असं म्हणून आम्ही विषय मिटवला. म्हणूनच आज बेव्हर्ली पेपर या शिल्पकार बाईंची गोष्ट सांगतो.

बेव्हर्लीबाई 1922 साली अमेरिकेत जन्मल्या, पुढे इटलीत राहिल्या. आधी त्या चित्रं काढत. 1960 मध्ये कंबोडियातलं अंकोर वाट पाहिलं आणि मन शिल्पाकडे वळलं. सुरुवात लाकडापासून केली. दोन वर्षांनी स्पोलेटो शहरातल्या महोत्सवासाठी पोलादी शिल्पं करायचं बोलावणं आलं. वेल्डिंग येतं का, असं विचारलं. येत नव्हतं, तरी त्या "येतं" म्हणाल्या, आणि लोहारकाम करणाऱ्याकडे जाऊन शिकल्या. खोटं बोलणं आम्हाला पटलं नाही. पण शिकून त्यांनी शब्द खरा केला. मग पिओंबिनोच्या पोलाद कारखान्यात कामगारांबरोबर काम केलं. तेव्हा वय चाळिशीला टेकलं होतं.

त्यांच्या शिल्पांत देव नाही, माणूस नाही. त्रिकोण, चौकोन, पाचर, खांब असे नुसते आकार. याला अमूर्त शिल्प म्हणतात. "हे कशाचं आहे?" असं फोटो पाहून आम्हालाही वाटलं. पण दारातल्या ठिपक्यांच्या रांगोळीला आपण तसं विचारतो का? रेषा जुळली की डोळा निवतो, तसंच हे.

1979 साली इटलीतल्या टोडी गावच्या जुन्या चौकात त्यांचे चार उंच पोलादी खांब उभे राहिले. वर छप्पर नाही. खांब आपापल्या बळावर उभे.

कॉर्टेन नावाचं पोलाद त्यांनी पुष्कळ वापरलं. आपल्या विळ्याचा गंज पापुद्रे सुटून आत खात जातो. कॉर्टेनमध्ये थोडं तांबं आणि क्रोमियम असतं, म्हणून त्याचा गंज घट्ट बसतो आणि आतल्या धातूला राखतो. रंग द्यावा लागत नाही.

बेव्हर्लीबाई 2020 साली, 97 वर्षांच्या होऊन, टोडीतच वारल्या.

आपल्याला शिल्पं करायची नाहीत. पण खिडकीची जाळी, गोठ्याचं फाटक, तुटलेली खाट जोडायला हेच काम लागतं, आणि त्याचे पैसे आज आपण दुसऱ्याला देतो. पुढची तुकडी निघाली की "येत नाही" म्हणायला लाजू नका. "शिकायचंय" एवढंच सांगा. आमच्या गटातून दोन नावं आता तयार आहेत.